वृद्धांची पावले आणि महापालिकेचे अंदाजपत्रक

नाशिक शहरातील बहुतेक उद्यानांच्या एखाद्या कोपऱ्यात आज रंगीत लोखंडी उपकरणांची एक रांग दिसते. तिला ‘ओपन जिम’ म्हणतात. शेजारी फलक असतो. कोणाच्या निधीतून हे काम झाले व कोणाच्या शुभहस्ते लोकार्पण झाले, हे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ही उपकरणे ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी आहेत, असे भाषणांतून आवर्जून सांगितले जाते. परंतु साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने त्यांपैकी कोणत्या उपकरणाला हात लावावा, कशाला मुळीच लावू नये आणि किती वेळ लावावा, हे सांगणारा माणूस तेथे नसतो. सायंकाळी मुले त्यावर झोके घेतात आणि म्हातारी माणसे कठड्यावर बसून ती गंमत पाहतात.

याला कोणाची वैयक्तिक अनास्था कारणीभूत आहे असे मला वाटत नाही. कारण अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. लोखंडी उपकरण हा भांडवली खर्च होय. त्याची निविदा निघते, ठेका दिला जातो, बिल एकदाच फिटते आणि कोनशिला कायमची राहते. शिकविणारा माणूस हा महसुली खर्च होय. त्याला दरमहा वेतन द्यावे लागते, तो कायम करण्याची मागणी करतो, आणि त्याच्या नावाची कोनशिला बसविता येत नाही. म्हणून आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना वास्तू उभारणे सोपे जाते आणि त्या वास्तूत माणूस नेमणे अवघड जाते. दवाखान्याची इमारत असते, परिचारिका नसते. वाचनालय असते, ग्रंथपाल नसतो. वृद्धांच्या व्यायामाचेही तेच झाले आहे. फरक एवढाच, की येथे लोखंडाची जवळजवळ गरजच नव्हती आणि माणसावाचून मात्र काहीच होणार नव्हते.

हा विषय किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वृद्ध माणसाचे चालणे थांबते तेव्हा घरात नेमके काय होते याचा विचार करावा. पहिल्याने बाजार सुटतो. मग बँकेत किंवा टपाल कचेरीत स्वतः जाऊन निवृत्तिवेतन काढणे सुटते, आणि अंगठा उठविण्यापुरते कोणीतरी घेऊन जाऊ लागते. पैसा दुसऱ्याच्या हातात गेला की घरातील शब्दाचे वजन कमी होते. पुढे जिना सुटतो. सिडकोच्या लहान घरांवर चढविलेल्या मजल्यांवर राहणारे कितीतरी वृद्ध वर्षानुवर्षे खाली उतरलेले नाहीत. शेवटी शौचालयापर्यंत जाण्यासाठी आधार लागतो, आणि हा आधार म्हणजे बहुधा सून, मुलगी किंवा स्वतःच म्हातारी झालेली पत्नी असते. तिच्या या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. ती कामावर जात असेल तर काम सोडते, आणि त्या बुडालेल्या मजुरीचीही नोंद कोठे होत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात स्त्रियांच्या विनामोबदला श्रमाविषयी आम्ही पुष्कळ शिकविले. त्यातला केवढा मोठा भाग वृद्धांच्या मांडीच्या स्नायूंवर अवलंबून असतो, हे पाठ्यपुस्तकात कोठे लिहिलेले नव्हते.

वय झाले की पाय जाणारच, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिला कोणी आव्हान देत नाही. वस्तुतः वयामुळे काही शक्ती जाते आणि न वापरल्यामुळे त्याहून पुष्कळ अधिक जाते. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धसंस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल माणसांकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करून घेण्यात आला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, परंतु नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतो हे त्याने दाखवून दिले. पुढे अमेरिकेतच सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या १,६३५ बैठ्या वृद्धांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना केंद्रात बोलावून नियमित चालणे, पायांची ताकद वाढविणे आणि तोल सांभाळणे यांचे शिक्षण दिले. निम्म्यांना केवळ आरोग्यावरची व्याख्याने ऐकविली. सुमारे अडीच वर्षांनी, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चारशे मीटर चालण्याची शक्ती गमावणाऱ्यांचे प्रमाण व्याख्याने ऐकणाऱ्यांत ३५.५ टक्के होते, तर व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के. हा फरक चमत्काराचा नाही. परंतु चारशे मीटर म्हणजे घरापासून किराणा दुकान आणि परत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाच टक्क्यांचे मोल कळते. (आरोग्यावरची व्याख्याने देण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आम्हा मंडळींनी या प्रयोगाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी.)

पडण्याविषयीचा पुरावा याहून भक्कम आहे. तेवीस हजारांहून अधिक वृद्धांवर झालेल्या १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. परंतु कोणत्या व्यायामाने? तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींशी जुळणाऱ्या व्यायामाने. नुसते चालण्याने पडणे कमी होते याचा पुरावा मात्र पुरेसा नाही. गोल्फ क्लब मैदानावर रोज पहाटे नेमाने फेऱ्या मारणाऱ्या माझ्या समवयस्क मित्रांना हे पटत नाही, तरी ते खरे आहे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे व बसणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत जाणे, आडवे व मागे चालणे, घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधून पाय उचलणे: एवढीच ही विद्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांत पासष्टीपुढील माणसांसाठी असे तोलाचे व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितलेले आहेत. यासाठी खुर्ची लागते, भिंत लागते, आणि चुकले तर धरणारा व हळूहळू भार वाढविणारा जाणता माणूस लागतो. एकट्या म्हाताऱ्याने घरात एका पायावर उभे राहण्याचा प्रयोग करू नये, हे उघडच आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आपल्याच चळवळीतून घेतला जातो. व्यायाम हे पोटभरल्यांचे चोचले आहेत. ज्याने जन्मभर कष्ट केले त्याला व्यायामाची काय गरज? हा युक्तिवाद ऐकायला श्रमिकांच्या बाजूचा वाटतो, पण तो त्यांच्या मुळावर येणारा आहे. श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यायामात शरीराला झेपेल तेवढा भार दिला जातो, विश्रांती दिली जाते आणि शरीर त्यातून घडते. मजुरीत भार मालकाच्या वा ठेकेदाराच्या गरजेप्रमाणे ठरतो, विश्रांतीची मजुरी कापली जाते आणि शरीर त्यातून झिजते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक आणि वाहक यांची तुलना जेरेमी मॉरिस या वैद्यकाने १९५३ साली प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. हे मॉरिस म्हणजे समाजवादी विचारवंत रिचर्ड टिटमस यांचे सहकारी. आरोग्याचा प्रश्न हा कामाच्या स्वरूपाचा प्रश्न आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. आता ती दृष्टी आपल्या जिल्ह्याकडे वळवावी. सिन्नरची विडी कामगार स्त्री मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून जन्मभर एका जागी बसली. तिच्या बोटांना उसंत नव्हती आणि पायांना काम नव्हते. सुरगाणा-पेठेहून द्राक्षबागांच्या छाटणीला येणारा आदिवासी मजूर दिवसभर हात वर करून उभा राहिला. बाजार समितीतील हमालाने पाठीवर पोती वाहिली. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कामगार एकाच यंत्रापुढे एकाच बाजूला वळत राहिला. यांपैकी कोणाचे शरीर साठीला ‘कमावलेले’ असते? ते वापरून संपविलेले असते. म्हणून या माणसांना शास्त्रशुद्ध व्यायामाची गरज प्राध्यापकांपेक्षा आणि बँकेतील अधिकाऱ्यांपेक्षा अधिक आहे, आणि आज ती सोय नेमकी उलट्या क्रमाने उपलब्ध आहे.

कारण जेथे निवृत्तिवेतन भरघोस आहे, मैदान जवळ आहे आणि सकाळचा वेळ मोकळा आहे, तेथे समूह आपोआप जमतो. १९९५ साली मुंबईत लोखंडवाला संकुलाच्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार जणांना बरोबर घेऊन हास्यक्लब सुरू केला. बघता बघता ती कल्पना गावोगाव गेली. नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड भागांतही असे क्लब रुजले. हसण्याने किती रोग बरे होतात याविषयी त्या मंडळींचे दावे मला नेहमीच अतिरंजित वाटत आले आहेत. परंतु एक गोष्ट त्यांनी निर्विवाद सिद्ध केली: उपकरण नको, वर्गणी नको, फक्त ठरलेली वेळ आणि ठरलेली माणसे असली की वृद्ध माणूस थंडीतही घराबाहेर पडतो. जो आला नाही त्याची चौकशी होते. दोन दिवस कोणी दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी दारावर थाप पडते. एकट्याने चालणाऱ्याचा नेम पावसाळ्यात मोडतो आणि मोडलेलाच राहतो. समूहात त्याला कोणीतरी परत ओढून आणते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या सत्तरीतल्या माउल्या घरी असताना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला नकार देतात, हा अनुभव अनेक घरांना आहे. दिंडीत पाय चालतात, कारण शेजारचे पाय चालत असतात. तथापि वारी वर्षातून एकदा येते, आणि ज्याचे पाय आधीच गेले त्याला ती घेऊन जात नाही.

बाहेरच्या जगात हे सार्वजनिक धोरण म्हणून झालेले आहे. क्यूबात १९८० नंतरच्या दशकात कुटुंबवैद्याच्या यंत्रणेला जोडून आजी-आजोबांची मंडळे निघाली. वस्तीतल्या चौकात किंवा बागेत शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचा व्यायाम होऊ लागला, आणि कोणाला काय झेपेल हे वस्तीतल्याच डॉक्टरला ठाऊक असे. जपानमधील कोची शहराने २००२ साली वृद्धांसाठी एक साधा व्यायामक्रम तयार केला. मनगटाला व घोट्याला बांधायच्या पट्ट्यांत थोडे थोडे करून सव्वादोन किलोपर्यंत वजन वाढविता येते. वस्तीतील लोक आपल्याच सभागृहात आठवड्यातून एकदा-दोनदा जमून खुर्चीवर बसून तो करतात. नगरपालिकेने शिकविणारी माणसे दिली, साहित्य दिले आणि पुढे वस्तीवर विश्वास ठेवला. जपानचाच आणखी एक धडा आहे, आणि तो विसरू नये. तेथे आकाशवाणीवरील सामूहिक व्यायाम १९२८ साली सुरू झाला. युद्धकाळात तीच कवायत लष्करी शिस्तीच्या कामी आली. पराभवानंतर काही काळ ती थांबली आणि १९५१ साली नव्याने सुरू झाली. सामूहिक व्यायाम कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न म्हणून गौण नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली तेव्हा आपल्या पूर्वसूरींना तो नीट कळलेला होता. शाखेवरची कवायत जातिधर्माची बंधने ओलांडून खांद्याला खांदा लावण्यासाठी होती. पुढे आपण ठराव आणि परिसंवादांत रमलो आणि मैदाने सोडून दिली. ती रिकामी राहिली नाहीत, हे सांगायला नकोच.

आता पैशाकडे येऊ. समजा, महापालिकेने एका प्रशिक्षिकेला दरमहा २०,००० रुपये वेतन दिले. ती दिवसाला तीन वर्ग घेईल. सोमवार-बुधवार-शुक्रवार तीन गट, मंगळवार-गुरुवार-शनिवार तीन गट, प्रत्येक गटात तीस माणसे. म्हणजे १८० माणसे. वर्षाचा खर्च २,४०,००० रुपये. माणशी वर्षाला १,३३३ रुपये. यात खुर्च्या व वाळूच्या पिशव्या मिळविल्या तरी आकडा दीड हजारांच्या फार पुढे जाणार नाही. याच्या शेजारी सरकारचे चालू खर्च ठेवून पाहावेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत पासष्टीपुढील गरीब व्यक्तीला काठी, चष्मा, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. केंद्र सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. काठी आवश्यक आहे आणि रुग्णालयही आवश्यक आहे. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु या मांडणीचा अर्थ असा होतो, की म्हातारी पडून खुब्याचे हाड मोडले तर सरकार रुग्णालयाला लाखाच्या हिशेबात पैसे देण्यास तयार आहे, आणि ती पडू नये म्हणून माणशी दीड हजार रुपयांची शिक्षिका नेमण्यास तयार नाही. पहिला पैसा पुष्कळदा खाजगी रुग्णालयाच्या तिजोरीत जातो. दुसरा एका वस्तीतल्या मुलीच्या पगारात गेला असता. हा योगायोग आहे असे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानू नये. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ सालापासून कागदावर आहे आणि प्रतिबंधाची भाषा त्यातही आहे; त्या भाषेला वेतनश्रेणी मात्र जोडलेली नाही.

दुसऱ्या एका धोक्याविषयी मला अधिक काळजी वाटते. ‘स्वावलंबन’ हा शब्द सरकारच्या तोंडी आला की सावध व्हावे. वृद्ध स्वावलंबी झाले पाहिजेत, असे म्हणत म्हणत त्यांना वाऱ्यावर सोडता येते. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे; राज्याची भर घालून श्रावणबाळ योजनेत ती रक्कम २०२३ साली १,५०० झाली. कारखान्यात आयुष्य घालविलेल्या कामगाराचे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन २०१४ साली १,००० रुपये ठरले आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ते तेथेच होते. २०१२ साली दिल्लीत अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मे, निदान २,००० रुपये, सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले होते. ती मागणी अजून उभीच आहे. पोटात अन्न नसलेल्या माणसाला पायाचे व्यायाम शिकविणे ही क्रूर थट्टा होईल, कारण स्नायूला प्रथिने लागतात आणि डाळीचे भाव सर्वांना ठाऊक आहेत. म्हणून व्यायामवर्गाची मागणी निवृत्तिवेतनाच्या मागणीऐवजी नाही, तिच्या जोडीने आहे. किंबहुना असा वर्ग जेथे आठवड्यातून तीनदा भरेल तेथे निवृत्तिवेतनाच्या अर्जांवर बोलणेही होईल, आणि ज्यांचे पाय मोर्चात चालू शकतात अशी माणसे वाढतील. सत्तरीतल्या मोर्चेकऱ्यांना आपले पक्षही कमी लेखतात. दांडीयात्रेला निघताना गांधीजी साठी ओलांडलेले होते.

वर्ग कोठे व केव्हा भरावा, यात बरेच काही सामावलेले आहे. पहाटे सहाची वेळ ही निवृत्त पुरुषांची वेळ आहे. कष्टकरी वस्तीतील वृद्ध स्त्री त्या वेळी पाणी भरत असते, नाहीतर नातवंडांचे डबे करीत असते. तिला दुपारी तीन ते पाच हा काळ मोकळा मिळतो. नऊवारी किंवा सहावारी नेसलेली बाई चारचौघांत मैदानावर पाय उचलणार नाही. तिला आडोसा हवा, छप्पर हवे, आणि शिकविणारी बाईच हवी. भद्रकाली व जुन्या नाशिकच्या दाट वस्तीत मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मोकळे मैदान तेथे नाही, पण महापालिकेच्या शाळांचे वर्ग दुपारनंतर रिकामे असतात आणि निधीतून बांधलेली समाजमंदिरे लग्नसराईपुरती उघडतात. रस्त्यांविषयी वेगळा लेख लिहावा लागेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांवर मोठा खर्च होणार आहे. त्यात द्वारका किंवा त्र्यंबक नाक्याचा चौक काठी टेकत ओलांडणाऱ्या माणसासाठी सिग्नल किती सेकंद हिरवा राहील, याची तरतूद असेल तर आनंद आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ९.९ टक्के लोक साठ वर्षांवरील होते, आणि ते प्रमाण तेव्हाही देशाच्या ८.६ टक्क्यांपेक्षा अधिक होते. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत. सर्वत्र एकदम हे करण्याची भाषा मी करणार नाही, कारण ती भाषा फायलीत जिरविणे सोपे असते. सातपूर आणि जुने नाशिक येथून प्रत्येकी पाच वर्गांनी आरंभ व्हावा. प्रशिक्षिका वस्तीतील बारावी झालेल्या मुलींतून घ्याव्यात. त्यांना फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या मदतीने शिकवावे, आणि कोणाला काय वर्ज्य आहे हे ठरविण्यासाठी महापालिकेच्या दवाखान्यातील डॉक्टरने प्रत्येकाला एकदा तपासावे. एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. या मुलींना ‘स्वयंसेविका’ म्हणू नये. आशा आणि अंगणवाडी सेविकांना मानधनाच्या नावाखाली कसे राबविले गेले हे आपण पाहिले आहे; म्हाताऱ्यांच्या हाडांसाठी तरुण मुलींचे वेतन बुडवायचे असेल तर हा उद्योग न केलेला बरा. त्यांची पदे आस्थापना सूचीत यावीत आणि त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडावे.

२०२२ च्या मार्चनंतर दीर्घकाळ महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते आणि अंदाजपत्रक प्रशासकाच्या टेबलावरच मंजूर होत असे. त्या सबबीखाली पुष्कळ प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच सुरू होते. ज्येष्ठ नागरिक संघ, कामगार संघटना आणि महिला मंडळे यांनी त्याआधी विभागीय कार्यालयांत लेखी मागणी नोंदवावी. ओपन जिमच्या दुरुस्तीवर गेल्या पाच वर्षांत किती खर्च झाला, हा आकडाही त्याच अर्जात मागून घ्यावा.